एकराला एक पाणी: खान्देशातील जिल्हा नियोजन समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, धुळे, जळगाव आणि नंदुरबार

विषय: कोरडवाहू शेतीला संरक्षित पाणी आणि तिच्या पिकाला बाजार मिळावा याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

मी शिंदखेडा तालुक्यातली शेतकरी. आमची जमीन निम्मी बरड, म्हणजे हलकी आणि उथळ, निम्मी मध्यम काळी. शिवार उंचावर असल्यामुळे कालवा आमच्याकडे नाही आणि पुढेही येण्याची शक्यता नाही. विहीर आहे, पण तिचा भरवसा दिवाळीपर्यंतचा. तिन्ही जिल्ह्यांत अशाच जमिनीवर जगणारी हजारो कुटुंबं आहेत. हे पत्र मी त्या जमिनीसाठी लिहिते आहे.

जिल्ह्याचा वार्षिक आराखडा आपल्या बैठकीत ठरतो. रस्ते, शाळाखोल्या, रोहित्रं, दवाखाने सगळं त्यात येतं. सिंचनाचा विषय निघाला की मात्र बोलणं धरणांवर जातं. पाडळसे कधी होणार, सुलवाडे-जामफळ कुठवर आलं, प्रकाशा-बुराईचं काय झालं, नार-पारचं पाणी गिरणेत कधी पडणार. ही कामं व्हायलाच हवीत, त्यांच्या वाटेकडे डोळे लावून एक पिढी म्हातारी झाली. पण उद्या ही सगळी धरणं आणि उपसा योजना पूर्ण झाल्या, तरी त्यांच्या लाभक्षेत्राबाहेर खान्देशातली मोठी जमीन उरणारच आहे. तिच्यासाठी आराखड्यात काय असतं? बहुतेक वर्षी टँकर, पंचनामे आणि नुकसानभरपाई. म्हणजे पीक गेल्यावरचा खर्च. पीक जाऊ नये म्हणून आधी करायचा खर्च मी आपल्याकडे मागते आहे.

माझी मागणी एका ओळीत सांगता येते: प्रत्येक कोरडवाहू एकराला, पावसाने ओढ दिली की निदान एकदा पाणी देता येईल एवढी सोय करा, आणि त्या पाण्यावर जगलेलं पीक विकून घरात चार पैसे उरतील अशी खरेदीची सोय करा. दोन्ही एकत्र हवं. नुसत्या पाण्याने पीक येतं, पण ते मातीमोल भावात गेलं तर पुढच्या वर्षीचं बियाणं पुन्हा उधारीवरच.

२०२३चा ऑगस्ट आठवून पाहा. १९०१पासूनच्या नोंदींमध्ये देशभरातला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या हंगामात राज्य सरकारने आधी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात नंदुरबार, शिंदखेडा आणि चाळीसगाव होते, आपल्या तिन्ही जिल्ह्यांतला एकेक तालुका. बाजरी निसवत होती, मूग-उडदाच्या शेंगा भरायच्या होत्या, कपाशीला पाते लागले होते. बरड जमिनीतली ओल आठ-दहा दिवसांत संपते, काळी जमीन त्याहून थोडी जास्त तग धरते. पीक उभं होतं, हिरवं होतं, आणि डोळ्यांसमोर माना टाकत होतं.

कोरडवाहू शेतीचं अर्थकारण पाऊस अशी ओढ देतो त्या दोन आठवड्यांत ठरतं, हे आपण नीट लक्षात घ्यावं. ऑगस्टच्या मध्यापर्यंत नांगरट, वखरणी, बियाणं, पेरणी, खत, निंदणी, कोळपणी हा सगळा खर्च होऊन गेलेला असतो. वर्षाचा बहुतेक पैसा मातीत घातलेला असतो आणि परत यायला फक्त एक ओलावा हवा असतो. पाणी मिळालं तर सगळा खर्च वसूल होऊन वर काही उरतं, नाही मिळालं तर तो खर्च पूर्णच्या पूर्ण बुडतो. अख्ख्या हंगामात शेतकऱ्याला या एका पाण्याइतकं किमती दुसरं काही मिळत नाही. खताच्या चार गोण्या जास्त टाकून हे साधत नाही, महागडं वाण लावूनही साधत नाही.

आणि हे पाणी आपल्याकडे पडतंच. धुळे-शिंदखेड्याच्या पट्ट्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरा. एका एकरावर ५०० मिलिमीटर म्हणजे जवळपास २० लाख लीटर पाणी. पिकाला ५० मिलिमीटर पाण्याची एक पाळी द्यायची तर एकराला दोन लाख लीटर लागतात, पडलेल्या पावसाचा दहावा हिस्सा. जोराच्या एक-दोन पावसांत तेवढं पाणी आमच्या बांधांवरून वाहून जातं आणि जाताना वरची कसदार माती बुराई-पांझरेत नेऊन टाकतं.

१५ मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असं लहान शेततळं घ्या. बाजू उतरत्या ठेवल्या तर त्यात साधारण ४ लाख ४० हजार लीटर पाणी मावतं. जागा लागते सव्वादोन गुंठे. झिरपा आणि वाफ थोडी वजा केली तरी दोन एकरांना एक पाळी निघते, आणि तुषार संच लावून हलकं पाणी दिलं तर त्याहून जास्त क्षेत्र भिजतं. चांगल्या उताराच्या एका हेक्टरवरून पावसाचा दहावा हिस्सा जरी वाहून आला, तरी पाच लाख लीटर होतात आणि तळं एका हंगामात भरतं. हा हिशोब कोणाही कृषी सहायकाला पाठ असतो.

आपण म्हणाल, शेततळ्याची योजना तर आहेच. आहे. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ आली आणि तिच्यातून बरीच तळी झाली, काही उत्तम झाली. पण आमच्यासारख्यांच्या बाबतीत ती कुठे अडते तेही सांगते. ज्याची जमीन दोन एकर, तो ३० बाय ३० मीटरचं तळं खोदायला नऊ गुंठे देऊ शकत नाही. खर्च आधी स्वतः करायचा आणि अनुदान मागाहून खात्यावर येणार, तोवर सावकार किंवा कृषी केंद्राची उधारी. तळं झालं तरी इंजिन, पाइप आणि तुषार संच वेगळे आणायचे, म्हणून पुष्कळ तळी भरून वाहतात आणि शेजारचं पीक वाळतं, हे मी पाहिलेलं आहे. उलट ज्यांच्याकडे मोठी तळी आहेत त्यांच्यातले काही जण विहिरीचं आणि बोअरचं पाणी उपसून प्लास्टिकच्या कागदावर साठवतात आणि उन्हाळ्यात वापरतात. उघड्या तळ्यातून उन्हाळ्यात दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी उडून जातं, महिन्याला जवळपास फूटभर. जमिनीच्या पोटातलं, सगळ्यांच्या वाट्याचं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं याला पाणी साठवणं म्हणता येत नाही. अशा तळ्यांवर जिल्ह्याचा पैसा खर्च होऊ नये.

मग काय करावं? माझ्या मते तळं शेतकऱ्याच्या नावाने मंजूर करण्याऐवजी उताराच्या नावाने मंजूर करावं. एका ओघळीवर पाच-सहा शेतकऱ्यांची जमीन असते. त्यांचा गट करा, ओघळीच्या कडेला एक-दोन तळी घ्या आणि एक इंजिन, पाइप आणि तुषार संच गटाच्या नावाने द्या. जमीन काळी असेल तर पाणी तळ्यात टिकेल. मुरमाड असेल तर ते झिरपेल, आणि झिरपू द्यावं, कारण खालच्या अंगाला गटाची एक सामाईक विहीर असली की तेच पाणी तिथे मिळतं. नियम दोनच ठेवा. पहिली पाळी सगळ्यांची होईपर्यंत दुसरी पाळी कोणाचीच नाही. आणि तळ्यातलं पाणी खरिपाला आणि रब्बीच्या पेरणीला वापरून दिवाळीच्या सुमारास संपवायचं, उन्हाळ्यासाठी राखायचं नाही.

असे नियम लोक पाळणार नाहीत, भाऊबंदकी आडवी येईल, हा आक्षेप मला ठाऊक आहे. त्याला उत्तर आपल्याच मुलखात आहे. पांझरा, मोसम आणि गिरणेच्या काठी शेकडो वर्षं फड पद्धत चालली. नदीवर गावाने बंधारा घातला, त्यातून पाट काढला, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. शेतकऱ्याच्या जमिनीचे तुकडे वेगवेगळ्या फडांत असायचे, त्यामुळे नदीला पाणी कमी असलं आणि एखादाच फड भिजवता आला तरी त्यात सगळ्यांचा वाटा असायचा. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांचा मोबदला शेतमालातून. टंचाई आली की ती सगळ्यांनी वाटून घ्यायची, हा त्या व्यवस्थेचा कणा होता. वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, उसाचं क्षेत्र वाढलं आणि ती पद्धत बहुतेक ठिकाणी विस्कटली. पण ज्या मुलखाने ती इतकी वर्षं चालवली, तिथल्या माणसांना पाण्याची पाळी लावता येत नाही असं मी मानणार नाही. पाटकऱ्याचा मोबदला मात्र योजनेत धरा. त्याशिवाय पाळीची शिस्त राहत नाही.

आता पिकाचं बोलते, कारण पाणी कशाला द्यायचं हा प्रश्न पाण्याइतकाच मोठा आहे.

आमच्याकडे कोणालाही विचारा, ‘कपाशी नही लावू ते काय लावू?’ असंच उत्तर येतं. ते चुकीचं नाही. कपाशी हे एकच पीक असं आहे की ज्याला गावात येऊन रोख पैसे देणारा व्यापारी मिळतो. पण ते पाच-सहा महिन्यांचं पीक आहे आणि बरड जमिनीत एवढा काळ ओल टिकत नाही. बीटी वाणाला देशात २००२ साली परवानगी मिळाली, सुरुवातीला फवारण्या कमी झाल्या. पुढे गुलाबी बोंडअळी त्या वाणाला सरावली आणि २०१७च्या हंगामात तिने राज्यभर बोंडं पोखरली. आज बियाण्याचं पाकीट, फवारणी आणि वेचणी या तिन्हींचा खर्च कपाशीतच सर्वांत जास्त. वेचणीची मजुरी किलोला दहा रुपये धरली तरी क्विंटलमागे हजार रुपये झाले. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता, आणि त्याच हंगामात केंद्राने कापसावरचं आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत माफ केलं होतं. ज्याला बरड जमिनीत एकरी जेमतेम तीन-चार क्विंटल येतात त्याने यातून काय वाचवावं?

कपाशी सोडा असं मी म्हणत नाही. चांगल्या काळ्या जमिनीत ती राहावी, डिसेंबरमध्ये संपवावी, फरदड (वेचणी झाल्यावर पुन्हा राखलेली कपाशी) ठेवू नये, म्हणजे अळीची साखळी तुटते. पण बरड जमिनीला बाजरी आणि तूर हेच योग्य. दोन ओळी बाजरी, एक ओळ तूर, ही राहुरी कृषी विद्यापीठाची जुनी शिफारस आहे. बाजरी लवकर निघते आणि तूर खाली खोल मुळं घालून मागच्या पावसावर उभी राहते. एक गेलं तरी दुसरं हाती लागतं. मध्यम ते भारी काळ्या जमिनीत मूग किंवा उडीद पेरला तर साधारण ६५ ते ७० दिवसांत शेत मोकळं होतं. मग सप्टेंबरचा पाऊस शेतातच मुरवायचा, चौकोनी वाफे पाडायचे आणि त्याच ओलीवर दादर (आमच्याकडची रब्बी ज्वारी) किंवा हरभरा घ्यायचा. तापीकाठच्या काळ्या जमिनीत दादर अशीच पिकत आली आहे, पेरणीनंतर एकही पाणी न घेता. धान्य घरात, कडबा गोठ्यात, आणि खर्च कपाशीच्या मानाने फारच कमी. पावसाचं तेच पाणी दोन पिकं देतं आणि मधे एखादी पाळी मिळाली तर दोन्ही भरवशाची होतात.

मग लोक हे का करत नाहीत? कारण बाजार. मुगाचा २०२५-२६चा हमीभाव ८,७६८ रुपये, तुरीचा ८,०००, बाजरीचा २,७७५. कागदावर मूग कापसापेक्षा वरचढ आहे. पण मूग निघतो ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये, ऐन पावसात. त्यात ओल असते, आणि हमीभावाने विकायचा तर ती १२ टक्क्यांच्या आत लागते. पोळा-गणपतीचा खर्च समोर, घरात वाळवायला जागा नाही, खरेदी केंद्र अजून उघडलेलं नाही. बाई शेतातून शेंगा तोडून आणते, ओट्यावर पसरते, पाऊस आला की गोळा करते, पुन्हा पसरते, आणि शेवटी व्यापारी सांगेल त्या भावाला देऊन टाकते. नोंदणीच्या रांगेत उभं राहायला त्या दिवसांत कोणाला सवड असते? हमीभाव असून तो आमच्या हाती न पडण्याचं कारण इतकं साधं आहे: एक वाळवणी यंत्र, एक चाळणी, एक गोदाम आणि महिनाभर आधी उघडलेलं केंद्र. जिल्हा वार्षिक योजनेच्या मानाने हा खर्च काहीच नाही. दहा-बारा गावांमागे अशी एक जागा महिला गटांच्या ताब्यात द्या, खरेदी केंद्र मूग निघायच्या आधी उघडेल याचा पाठपुरावा करा, आणि दोन हंगामांत पेरा बदलताना दिसेल.

संशोधन तर आपल्या दारात झालेलं आहे. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात बाजरीवर काम चालतं, ‘फुले आदिशक्ती’ तिथलंच वाण. लोह जास्त असलेलं ‘धनशक्ती’ही धुळ्याच्या सहभागातून आलं. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राचा ‘जेएल-२४’ भुईमूग इथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं पिकवला, आणि तोच पुढे आफ्रिकेत मलावीपर्यंत गेला. एवढं असताना मृगाच्या तोंडावर गावात बाजरीचं चांगलं बियाणं शोधावं लागतं, कपाशीची पाकिटं मात्र हवी तेवढी मिळतात. गटांकडून बियाण्याचे प्लॉट घेतले आणि तालुक्यातच साफ करून वाटलं, तर हा प्रश्न सुटतो.

नंदुरबारच्या सदस्यांना एक वेगळी विनंती. आपल्या जिल्ह्यातलं कुपोषण सगळ्या राज्याला ठाऊक आहे, आणि आपल्याच जिल्ह्यात आश्रमशाळांची ताटं रोज भरावी लागतात. लोहयुक्त बाजरी शेजारच्या शिवारात पिकू शकते. आठवड्यातून दोन दिवस तिची भाकरी, किंवा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, आश्रमशाळेत आणि अंगणवाडीत द्यायची ठरली, तर कोरडवाहू शेतकऱ्याला ठरलेलं गिऱ्हाईक मिळेल. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तिची पहिली ओळख मुंबईतल्या दुकानात होण्याआधी आपल्या शाळांच्या वरणात व्हायला हवी.

जनावरांचा विषय मी थोडक्यात आटोपते, पण तो बारीक नाही. कडबा, बाजरीची सरमाडं, तुरीचा भुसा हे सगळं असलं की दोन शेळ्या, एक गाय उभी राहते आणि पावसाने दगा दिला तरी घर चालतं. नुसती कपाशी लावणाऱ्याला चारा विकत घ्यावा लागतो. आणि आमच्याकडच्या ठेलारी बांधवांचे मेंढ्यांचे कळप शेतात बसवून घेतले की जमिनीला जे खत मिळतं, ते पोत्यातल्या खताने भरून निघत नाही. त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा आणि चराईची जागा राखणं हेसुद्धा शेतीचंच काम समजा. वनविभाग आणि महसूल यांच्यात त्यांची जी फरफट होते ती थांबवणं आपल्या हातात आहे.

हे सगळं कुठे झालंय का, असं विचारणाऱ्यांनी साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला जावं. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी शेकडो हेक्टर जंगल राखलं, पाणी अडवलं आणि ज्या गावातून लोक मजुरीला बाहेर जात तिथे भाताचं पीक घेतलं. २०२५ साली चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली, सत्कार झाले. धुळे तालुक्यातल्या लामकानीने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून उघड्या डोंगरावर गवत आणलं. शिरपूर तालुक्यात नाले रुंद-खोल करून बंधाऱ्यांची साखळी झाली, त्याची चर्चा राज्यभर झाली. त्या कामाबद्दल माझं एक मत आहे. खालचा नाला खोल करण्याआधी वरची टेकडी बांधली पाहिजे, नाहीतर खोदलेला नाला वरून आलेल्या गाळाने भरतो आणि पाण्याचा फायदाही नाल्यालगतच्या शेतांपुरता राहतो. माथ्यावरची जमीन बहुधा गरिबाची असते. काम माथ्यापासून सुरू झालं तर पहिला लाभ त्याला होतो.

केळीवाल्या शेतकऱ्यांशी माझं भांडण नाही. रावेर-यावलने खान्देशचं नाव देशभर केलं, ठिबक शिकवलं. पण तिथल्या भूजलाची पातळी खोल खोल जाते आहे हे तेच शेतकरी सांगतात, आणि ठिबकने वाचलेलं पाणी पुष्कळदा आणखी लागवड वाढवण्यात गेलं. आम्हा कोरडवाहू गावांना तोच रस्ता दाखवू नका. आमच्या खालचा कातळ काळा बसाल्टाचा, त्यात तापीच्या गाळासारखा साठा नाही. इथे बोअरवर बोअर मारले तर एक-दोन उन्हाळ्यांत सगळे कोरडे होतात आणि कर्ज उरतं. राज्याच्या २००९च्या भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. ते आमच्या तालुक्यांत पाळले जातात का, एवढं एका बैठकीत विचारा.

आपल्याकडून मला हवं आहे ते असं. येत्या आराखड्यात कोरडवाहू शेतीसाठी वेगळं लेखाशीर्ष ठेवा आणि त्यातला पैसा कालव्याच्या लाभक्षेत्रात वळवता येणार नाही अशी अट घाला. प्रत्येक तालुक्यात पाणी न पोचलेल्या दोन-तीन ओघळी निवडून तळी, सामाईक विहीर, तुषार संच आणि पाटकरी हे सगळं एकत्र मंजूर करा. कामं आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत संपवा, म्हणजे पहिला पाऊस वाया जाणार नाही. मूग-उडदाची वाळवणी आणि चाळणीची केंद्रं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चालू झालेली असावीत. हंगाम संपल्यावर किती तळी खोदली याचा आकडा आपल्यापुढे येईलच. त्याच्यासोबत आणखी दोन आकडे मागा: पावसाच्या खंडाच्या काळात किती एकरांना एक पाळी मिळाली, आणि त्या शेतकऱ्यांच्या हाती खर्च वजा जाता एकरी किती रुपये उरले. हा हिशोब ग्रामसभेत वाचून घ्या, कारण तिथे खोटा आकडा टिकत नाही.

आणि ज्या बैठकीत हा विषय येईल तिला तिन्ही जिल्ह्यांतून काही कोरडवाहू शेतकऱ्यांना बोलवा, त्यांत निम्म्या बायका असू द्या. निंदणी, वेचणी, शेंगा तोडणं आणि वाळवणं आमच्या हातून होतं, त्यामुळे पैसा कुठे गळतो ते आम्हाला बोट ठेवून सांगता येईल. मी यायला तयार आहे.

आपली नम्र,
शिंदखेडा तालुक्यातील एक कोरडवाहू शेतकरी